चित्रासाठी एक दाढ

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर बाबांचा दातांचा दवाखाना होता. पुढे बसायची खोली, मग एक जाड पडदा, पडद्यामागे खुर्ची, आणि खुर्चीमागच्या दारातून आत गेलं की एक लांबट खोली, जिथे कवळ्या तयार व्हायच्या. आम्ही वर राहायचो. खाली लोक घाबरायचे आणि वर आम्ही जेवायचो. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,” आई म्हणायची, “आपलं तर तेवढ्यावरच भरतंय.”

बसायच्या खोलीत दोन बाकं समोरासमोर होती. तिथे माणसं गालाला हात लावून बसायची आणि एकमेकांना गोष्टी सांगायची. भुताखेतांच्या गोष्टी परवडल्या, इतक्या भयंकर. कुणाच्या मेहुण्याची दाढ काढताना डॉक्टरने त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता. कुणाच्या साडूला भूल चढलीच नाही, पण डॉक्टर म्हणाला, आता हात घातलाय तर थांबता येत नाही. एका बाईंच्या चुलतसासूचा म्हणे चुकीचा दात निघाला, ती चूक झाकायला शेजारचा काढला, आणि असं करत करत तोंडच मोकळं झालं. हे सगळे डॉक्टर दुसऱ्या गावचे असायचे. “आपले डॉक्टर तसे नाहीत हो,” असं शेवटी प्रत्येक जण म्हणायचा. पण पडद्यामागून बाबांचा “या, पुढचे कोण?” असा आवाज आला, की दोन्ही बाकांवर एकच गडबड. “तुम्ही जा आधी.” “छे छे, तुम्हीच जा, मला काही घाई नाही.” इतकी सभ्य माणसं पुढे आयुष्यात मला एका जागी कधी भेटली नाहीत.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकायचे. चेहरे अजून आठवतात. नावं केव्हाच गेली, दाढा तर त्याच्याही आधी गेल्या, पण गोष्ट सांगताना रंगात आलेला सुजका गाल डोळ्यांपुढून जात नाही.

कवळ्यांच्या खोलीत कवळीकाका असायचे. ते नात्याने कुणी नव्हते, पण मला कळायला लागल्यापासून त्या उंच स्टुलावर तेच बसलेले. प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा आणि हिरड्यांचा उतार कोरायचा. ते काम त्यांनी मला लहानपणीच शिकवलं. “हिने बसवलेला दात उपरा वाटत नाही,” असं ते बाबांना सांगायचे. पुढे काकांचे डोळे अधू व्हायला लागले. मग घरचा हात घरातच राहावा, असं बाबांच्या मनात आलं. त्यात वावगं काही नव्हतं. वावगं एवढंच होतं, की मला चित्रं शिकायची होती.

या गोष्टीवरून आमच्या घरात आरडाओरडा झाला नाही. बाबा आवाज चढवणारे नव्हतेच. त्यांनी चूळ भरायचं भांडं विसळता विसळता निकाल दिला.

“एक वर्ष जा. वर्षअखेर तुमचं प्रदर्शन असतं ना? ते मी येऊन बघेन. तू मेणात जे करू शकत नाहीस, असं काही मला तिथे दिसलं, तर पुढे शिक. नाही दिसलं, तर काकांच्या स्टुलावर येऊन बस.”

“पण बाबा, तुम्हाला चित्रातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर खरं सांगेन.”

मी चित्रशाळेत नाव घातलं.

चित्रशाळेचं ते वर्ष कसं गेलं, ते मला कळलंही नाही. कोळशाने हात काळे, नाक काळं, आणि आई वरून ओरडायची, “भिंतीला हात लावू नकोस!” आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे लांबू म्हणायचे. तो दारातून वाकून यायचा आणि सदा भुकेला असायचा. कोळशाचं चित्र खोडायला आम्ही पावाचा मऊ गर वापरायचो, आणि लांबू तो खायचा. “अरे, माझं खोडरबर कुणी खाल्लं?” असं कुणी ओरडलं, की सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा आणि तो चावत चावत म्हणायचा, “माझ्याकडे कशाला बघता? मी चुका करत नाही, मला खोडरबर लागतच नाही.” माझ्या शेजारी बसायची ती चिमणी. बारीक आवाजाची, पण जिभेला धार असलेली.

वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. भीती.

सगळे खूश झाले. आठवडाभराने जो तो आपापलं भूत घेऊन आला. उलट्या पायांची, लांब केसांची, डोळ्यांच्या जागी खड्डे असलेली. लांबूचं भूत कागदात मावलं नव्हतं, म्हणून त्याने खाली आणखी एक कागद चिकटवून त्याचे पाय काढले होते. सरांनी सगळी चित्रं ओळीने टाचली, हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “ही सगळी भुतं सख्खी भावंडं दिसतात. यांचं घर कुठे आहे? कुणी पाहिलंय?”

सगळे आपापल्या भुताकडे बघायला लागले.

“जे पाहिलंय तेच काढायचं. ऐकलेलं काढायचं असेल, तर निदान सांगणाऱ्याचं तोंड तरी पाहिलेलं हवं. उतरवा हे सगळं.”

“सर, माझ्या भुताचे पाय तरी राहू द्या,” लांबू म्हणाला. “ते मी माझ्या पायांवरून काढलेत.”

मला मात्र तेव्हाच वाटलं, आपण जिंकलो. सांगणाऱ्यांची तोंडं माझ्याइतकी कुणी पाहिली होती? मी घरी आले, पायरीवर बसले आणि भराभर काढत सुटले. छातीवर गुडघा रोवलेला डॉक्टर आणि शेजारी ती गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. चुलतसासूचं मोकळं तोंड, आणि ते सांगताना स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरणाऱ्या बाई. ‘आधी तुम्ही’ म्हणत एकमेकांना पडद्याकडे ढकलणारी दोन्ही बाकं. सगळा वर्ग पोट धरून हसला. सरही हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “उत्तम आहेत. सगळी लावू. पण ही हसवतात गं. भीती त्या लोकांकडे आहे, तुझ्याकडे नाही. त्यांना पडद्यापलीकडे जायची भीती वाटते. तू पलीकडे गेली आहेस?”

“सर, मी तिथेच लहानाची मोठी झाले.”

“ते झालं. खुर्चीत बसली आहेस?”

मी बसले नव्हते. माझे दात आईवर गेलेले, घट्ट आणि पांढरे. घरी आले, तर बाबा वर जेवत होते. मी खाली जाऊन खुर्चीत आडवी झाले आणि वर बघितलं. छत. छताला एक तडा. बंद दिवा. एक झुरळ तेवढं चाललं होतं, तेही काही फार घाबरलेलं वाटलं नाही. पडल्या पडल्या मला झोप लागली आणि बाबांनी येऊन उठवलं. “काय गं, काय करतेस?” “काही नाही, गार वाटतं इथे.” “इथे येऊन झोपणारी तू पहिलीच,” बाबा म्हणाले.

म्हणजे भीती खुर्चीत नव्हती. बाबा खुर्चीवर वाकले की ती येत असणार.

मग मी लांबूला गळ घातली. त्याने दाढ दुखते म्हणून यायचं, बाबा त्याला तपासणार, आणि मी पडद्याच्या फटीतून चित्र काढणार. बाबा काय करतील? बघतील, म्हणतील काही नाही, मिठाच्या पाण्याने चूळ भर. लांबू पावाच्या एका लादीवर तयार झाला.

तो आला, मोठ्याने कण्हत. नाटक जरा जास्तच करत होता. बाकावरची माणसं हळहळली आणि इतक्या दुःखी माणसाला आधी आत जाऊ द्या म्हणाली. मी फटीला डोळा लावला. दिसली बाबांची पाठ. पाठीच्या एका बाजूने लांबूचे गुडघे, दुसऱ्या बाजूने त्याचा एक कान.

“कुठे दुखतंय?” बाबांनी विचारलं.

लांबूने कुठेतरी बोट ठेवलं.

बाबा वाकले. एकेक दाढ ठोकून बघितली. मग म्हणाले, “किती दिवस सहन करतोयस रे बाबा? आत सगळं पोखरलंय.”

“अँ?” लांबू म्हणाला.

त्या दिवशी लांबूची खरोखरची दाढ निघाली. नंतर गालात कापूस धरून तो जिन्यावर माझ्याशेजारी बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी लाजेने अर्धी झाले होते. तरी मी विचारलंच.

“लांबू, वर बघताना काय दिसलं?”

“काई नाई.”

“म्हणजे?”

“डोये मिटये होते,” तो कापसातून म्हणाला, आणि मग हात पुढे करून, “पाव?”

“आज तुला पाव खायचा नाहीये. बाबांनी सांगितलंय.”

तेव्हा तो जे काही बोलला ते कापसामुळे कळलं नाही, तेच बरं झालं.

मी बाकांवरच्या माणसांना विचारून बघितलं. खुर्चीत असताना तुम्हाला काय दिसतं हो? कुणी म्हणे दिवा, आणि मग अंधार. कुणी म्हणे देव आठवतो, दिसत काही नाही. एक शिंपीणबाई यायच्या, त्या माझ्यावरच डाफरल्या. “डोळे उघडे ठेवून दाढ काढून घ्यायला मी काय वेडी आहे?” इतकी वर्षं इतकी माणसं त्या खुर्चीत बसून गेली, आणि तिथून काय दिसतं ते एकालाही माहीत नव्हतं.

राहता राहिले मी. माझे दात घट्ट असले, तरी खालची एक अक्कलदाढ आडवी येत होती. बाबांनी ती कधीच हेरली होती. “आज ना उद्या काढायला लागेल,” असं ते म्हणायचे आणि मी कानाडोळा करायचे. प्रदर्शन जवळ आलं होतं. एका सकाळी मी खाली जाऊन बाबांना म्हटलं, “बाबा, ती दाढ काढून टाकू या.”

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. “दुखतेय?”

“नाही. पण आज ना उद्या काढायचीच आहे ना?”

“हे शहाणपण कुठून आलं?”

“अक्कलदाढेतून,” मी म्हटलं. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ये म्हणाले.

खुर्चीत बसायच्या आधी मी ठरवलं होतं, काहीही होवो, डोळे मिटायचे नाहीत. सुई टोचली तेव्हासुद्धा नाही मिटले, फक्त पाणी आलं. मग गाल जड झाला, जीभ दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी झाली आणि बाबा म्हणाले, “आता काही कळायचं नाही. आवाज येईल, त्याला भ्यायचं नाही. दुखलं तर हात वर कर. मी लगेच थांबेन.”

ते वाकले.

तेव्हा डॉक्टर तोंडाला कापड बांधत नसत. सगळा चेहरा माझ्यावर आला. हनुवटीखाली दाढी करताना सुटलेले दोन पांढरे केस, मोठाल्या नाकपुड्या, वर चष्म्याच्या दोन काचांत दोन दिवे. रोज जेवताना समोर असणारा चेहरा, पण मी तो ओळखला नसता. खालून पाहिलं की माणूस डोंगरासारखा दिसतो. हात दगडासारखा स्थिर. आवाजही नेहमीचाच, मऊ, “झालं, आता झालंच, शाबास.” कानात कडकड वाजत होतं, जुनं दार उघडावं तसं. मग त्यांनी मान जराशी कलती केली, काचांतले दिवे घसरले आणि मागचे डोळे दिसले.

ते डोळे मी हजारदा पाहिले होते, पण बाबांच्या चेहऱ्यावर नाही. बाकावर पाहिले होते. पुढचे कोण, असा आवाज आला की दोन्ही बाकांवर जे डोळे व्हायचे ना, ते.

आता चित्रशाळेत आम्हाला एक सवय लावलेली होती. समोरच्याचा चेहरा काढायचा, तर हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि मापायचं: नाक किती, दोन डोळ्यांमधलं अंतर किती. वर्षभर दिवसरात्र तेच केलेलं. जेवताना मी आईचं कपाळ मापायचे, रस्त्यात लोकांची नाकं मापायचे. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की हे डोळे परत दिसायचे नाहीत, माप घेऊन ठेवू. आणि मी हात लांब करून अंगठा उभा केला.

बाबा जागच्या जागी थिजले.

“दुखलं?” त्यांचा तो मऊ आवाज कुठच्या कुठे गेला होता. “खूप दुखलं का? पोरी, बोल! कुठे दुखलं?”

मला बोलता कुठे येत होतं! तोंडात चिमटा. मी अंगठा हलवून नाही नाही म्हणायला लागले, त्याने ते आणखीच घाबरले. वरच्या ओठावर घामाचे थेंब, डोळे एवढाले, आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, मी एक डोळा मिटून मापच घेत होते. शेवटी त्यांनी चिमटा बाहेर काढला.

“दुखत नाईये,” मी म्हटलं. “नाक मापतेय.”

बाबा बघतच राहिले. मग पुन्हा वाकले, आणि दाढ निघाली.

ते चित्र मी सुजक्या गालाने काढलं. माझ्या उंचीचा कागद चित्रशाळेच्या जमिनीवर अंथरला आणि त्यावर रांगत रांगत कोळसा फिरवला. खालून दिसणारा तो प्रचंड चेहरा, पावाच्या गराने खोडून उजळलेला दिवा, आणि त्या डोंगराएवढ्या चेहऱ्यात ते डोळे. चिमणी शेजारी उभी राहून किती तरी वेळ बघत होती.

“अगं,” ती शेवटी म्हणाली, “राक्षसच घाबरलाय.”

सर आले, त्यांनी हात मागे बांधले, पण फेरी मारली नाही. “मधल्या भिंतीवर,” एवढंच म्हणाले.

तेव्हा कुठे मला भान आलं. मधल्या भिंतीवर म्हणजे सगळ्यांसमोर. बाबा येणार होते. आणि लांबूने, मी गळ घातल्याचा सूड म्हणून की काय कोण जाणे, दवाखान्यात जाऊन दोन्ही बाकांना आग्रहाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. दातांचा डॉक्टर घाबरतो, हे कळल्यावर त्याच्याकडे कोण येईल? हा डॉक्टर घाबरत नाही, एवढ्याच भरवशावर तर माणसं पडद्याआड जात होती. आणि बाबांना काय वाटेल? माझं पुढचं शिक्षण ज्याच्या हातात, त्यालाच मी भर चौकात उघडं पाडणार होते.

मी सरांना म्हटलं, “सर, हे नको. ती गमतीची चित्रंच लावू या.”

“चित्र तुझं आहे,” सर म्हणाले. “मी खिळा ठोकून ठेवतो. उद्या सकाळी त्यावर काय लावायचं ते तू ठरव.”

घरी आले ती थेट आईकडे. तिला कागद उलगडून दाखवला. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“तुला दिसलं तर,” ती म्हणाली.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“मोठी दाढ काढायची असली, की सकाळी यांना न्याहारी नको असते. पोटात ठीक नाही म्हणतात. इतकी वर्षं मी काय ताटं मोजत बसले नव्हते, पण कळतं ना गं माणसाला.”

“मग हे लावू की नको?”

आईने सुरी उचलली. “ती गमतीची लावलीस, तर ते हसतील, तुझी पाठ थोपटतील आणि सोमवारी तू स्टुलावर असशील. छान काम काकाही करतात की मेणात. हे लावलंस तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. चिडले तर मी मधे पडणार नाही, आधीच सांगते.” जराशाने म्हणाली, “जिथून कुणी बघत नाही तिथून तू बघितलंस. आता घाबरून काय उपयोग? बघून तर झालं.”

सकाळी मी ते खिळ्याला लावलं. चिमणीने शिडी धरली, लांबूने कागद धरला, आणि तरी ते जरा वाकडंच लागलं.

बाबा दुपारी आले. एकटे नाहीत. त्यांच्यामागे अर्धा दवाखाना. शिंपीणबाई, बँकेतले एक साहेब, ज्यांची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची होती, आणि आईचा हात धरून, काठी टेकत कवळीकाका. गमतीच्या चित्रांपाशी गर्दी झाली. “अहो, हा तुमचा मेहुणा!” “आणि ह्या तुम्ही, हुबेहूब!” हशा पिकला. शिंपीणबाईंना आपलं चित्र पसंत पडलं नाही, पण त्या तिथून हलेनातही. बाबाही हसत होते. हसत हसतच ते मधल्या भिंतीकडे वळले.

आणि थांबले.

मी सरांच्या पाठीमागे उभी होते. उभी कसली, लपले होते. कवळीकाका चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले, मग मागे आले, मग बाबांकडे बघून बाजूला झाले. एकेक करत सगळे येऊन उभे राहिले. हसणं विरलं.

“हे तर आपले डॉक्टर,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“हो की,” बँकेतले साहेब म्हणाले. मग अवघडून, “डॉक्टर, चित्रात तुम्ही… घाबरलेले दिसता.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता बाबा म्हणतील, पोरीची कल्पना आहे. म्हणतील, चित्रात काय, काहीही काढतात. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते, असंच म्हणा.

“हो,” बाबा म्हणाले. “घाबरतो.”

“कशाला?”

“तुमच्या दाढेला.”

मग शिंपीणबाईंनी जी काही हसायला सुरुवात केली! “अगं बाई! म्हणजे आम्ही बाहेर घाबरायचं, आणि तुम्ही आत?” सगळी बाकं हसायला लागली, लांबू दाढ नसलेल्या बाजूने हसला. बँकेतले साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी दाढ बरी वाटत असल्याचा निरोप पाठवला, आणि ते पुढे कधी आले नाहीत. कुठेतरी न घाबरणारा डॉक्टर त्यांना मिळाला असेल. शिंपीणबाई येत राहिल्या. “डॉक्टर, आज तुम्ही जेवलात ना?” असं विचारूनच खुर्चीत बसायच्या.

घरी परतताना मी आणि बाबा दोघंच होतो. आई काकांना घेऊन पुढे गेली होती, मुद्दामच. मला राहवेना.

“बाबा, चुकलंच माझं. तुम्ही घाबरलात, कारण खुर्चीत मी होते. आपली मुलगी म्हटल्यावर कुणीही घाबरेल. मी तसं खाली लिहायला हवं होतं.”

“तू होतीस म्हणून नाही.”

“मग?”

“सगळ्यांच्याच वेळी. पहिल्या दिवसापासून.” ते चालतच होते. “हात कधी हलत नाही. आवाजही नाही. ते जमवलं मी. डोळ्यांचं काही जमलं नाही. पण पेशंट डोळे मिटून घेतात, त्यामुळे निभावून गेलं. मला वाटायचं, हे कुणाला दिसतच नाही.”

“आईला माहीत आहे.”

“काय सांगतेस?” ते थबकले. “केव्हापासून?”

“ते तुम्हीच विचारा.”

बाबांनी मान हलवली, आणि मग ते हसायला लागले. रस्त्याच्या कडेला उभे राहून, एका हाताने कुंपण धरून, खूप वेळ. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी डोळे पुसून म्हणाले, “काकांच्या जागी मी दुसरा माणूस बघतो.”

मी त्यांची बाही धरली. “का? मला मेणातलं जमत नाही?”

“तुला सगळं जमतं. तोच तर त्रास आहे. तुला मागच्या खोलीत बसवली, तर तू दिवसभर दारातून माझ्याकडे बघत बसशील, अंगठा वर करून. मला काम करायचं असतं, पोरी.”

“म्हणजे मी पुढच्या वर्षाला जाऊ?”

“जा. जायलाच हवं.” ते पुन्हा चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “पण एक सांगतो. त्या चित्रात माझं नाक फार मोठं झालंय.”

“खालून तसंच दिसतं, बाबा.”

“तू मापलंस ना नीट?”

“मापलं की. तुम्ही हललात.”